जावईबापू, गाडीखाली या!

आमच्या गॅरेजचं दार सात फूट उंच आहे आणि आमची व्हॅन सात फूट चार इंच. गेल्या तीन वर्षांतले माझ्या संसारातले सगळे प्रश्न या चार इंचांत बसतात.

घेतली तेव्हा ती सहा फूट दहा इंच होती. दारातून जेमतेम शिरायची; शिरताना ती अंग चोरायची आणि मी श्वास रोखायचो. मग मी तिला दोन इंच उचललं. मोठे टायर घातले, त्यांनी एक इंच वाढवला. छतावर पंखा बसवला, त्याने तीन. यातला प्रत्येक इंच मी रोख पैसे मोजून घेतलाय, पावत्या आहेत. शेवटचा स्क्रू पिळून शिडीवरून उतरलो, गाडी सुरू केली आणि गॅरेजकडे निघालो, तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, कौतुक करतेय. ती 'थांब' म्हणत होती.

आम्ही राहतो नोव्हीला, डेट्रॉइटच्या वायव्येकडच्या उपनगरात. पुण्या-चिंचवडहून आलेले मोटार इंजिनिअर इथे इतके आहेत की गणपतीची आरती संपली की प्रसादाच्या रांगेत गिअरबॉक्सवर चर्चा सुरू होते. मीही त्यातलाच. मी गाडीच्या दाराच्या रबरावर काम करतो. म्हणजे रबराला हात लावत नाही. त्याचं चित्र संगणकावर असतं, ते मी दिवसभर दाबतो आणि किती दबलं ते साहेबाला कळवतो. अठरा वर्षं मोटारींवर पोट भरूनही माझ्या नखांत कधी ग्रीस गेलं नव्हतं. अशा माणसाने जुनी व्हॅन घेणं म्हणजे जन्मभर पाककृतींची मुद्रितं तपासणाऱ्याने एकदम दोनशे पानांची पंगत अंगावर घेणं.

पण चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी होतंच. पुण्यातला माणूस गड चढायला लागतो नाहीतर कोपऱ्यातली पेटी पुसून काढतो. अमेरिकेतला मराठी माणूस यूट्यूबवर व्हॅन बघायला लागतो. त्या व्हिडिओंत एक जोडपं असतं, एक कुत्रा असतो, मागची दारं उघडली की समोर डोंगर असतो आणि हातातल्या कपातून वाफ येत असते. गाडीखाली आडवा झालेला माणूस त्यात कुठेच दिसत नाही. त्याचे फक्त पाय दिसत असणार, आणि ते नंतर कापत असणार.

व्हॅन म्हणजे आपली ओम्नी नव्हे. साधारण पावणेदोन ओम्नी एकापुढे एक लावल्या की एक अमेरिकन फुल साइझ व्हॅन होते. इंजिन अर्धं बॉनेटखाली आणि अर्धं माणसांत. पुढच्या दोन सीटांच्या मध्ये एक प्लास्टिकचं कुबड येतं, त्याला इथे 'डॉगहाउस' म्हणतात. ते उचललं की आत इंजिनाची पाठ दिसते. काही दुरुस्त्या गाडीच्या पुढे उभं राहून होतच नाहीत. सीटवर बसून, कमरेत पिळून, हात त्या बिळात घालावा लागतो. आपल्या संसारात इंजिन मध्ये आलं असं एखादी बायको म्हणाली, तर ते अलंकारिक समजू नये.

त्यातही मला ऑल व्हील ड्राइव्ह हवी होती. साध्या व्हॅनची मागची दोन चाकं गाडी ढकलतात आणि त्या दोघांच्या मध्ये डिफरन्शियल बसलेला असतो. हा गृहस्थ स्वभावाने अगदी सरकारी. जिकडे विरोध कमी, तिकडे सगळं बळ. एक चाक बर्फावर आलं की ते गरगर फिरतं आणि कोरड्या रस्त्यावरचं चाक हाताची घडी घालून बघत बसतं. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांनाही कामाला लावलेलं असतं. फोर बाय फोरसारखा दांडा ओढावा लागत नाही, सोय कायम चालू. आमच्या गाडीत ही वाटणी करायला व्हिस्कस कपलिंग आहे. एका डब्यात चकत्यांची चळत आणि तिच्यात सिलिकॉनचं दाट तेल. पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेग बिनसला की चकत्या तेल घुसळतात, तेल तापतं आणि पिठल्यासारखं घट्ट होतं. मग सगळी चाकं एकमेकांना धरून चालतात.

अशा भल्यामोठ्या व्हॅन मुळात थोड्या. जनरल मोटर्सने शेव्हरोले एक्सप्रेस आणि जीएमसी सव्हाना २००३ ते २०१४ या वर्षांत ऑल व्हील ड्राइव्हमध्ये दिल्या आणि मग ती सोय बंद केली. फोर्डच्या इ-सीरीजला कारखान्यातून ही सोयच नव्हती. ती पेन्सिल्व्हेनियातल्या क्विगलीसारख्या कंपन्यांकडून मागाहून बसवून घ्यायची. मर्सिडीजची स्प्रिंटर इथे २०१५च्या मॉडेलपासून फोर बाय फोर झाली, फोर्डची ट्रान्झिट २०२०पासून ऑल व्हील ड्राइव्ह. या नव्या गाड्या आतून सजवून आयत्या घ्यायच्या तर किंमत लाख डॉलरच्या पुढे जाते. म्हणून मी जुनी शोधली. कुठल्या कंपनीची, ते सांगत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यात आदर होता तशी थोडी भीतीही होती. माझं तसंच आहे.

आमच्या आधी ती एका प्लंबरकडे सोळा वर्षं नांदली होती. फळ्यांखाली पावशेर पितळी वायसर सापडले. ते मी ठेवून घेतले. एवढीच या व्यवहारातली माझी कमाई.

आणल्यानंतर पंधरा दिवसांत टायरमध्ये खिळा गेला, तोही अशा जागी की पंक्चर काढता येईना. नवा एक टायर घ्यायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, चार घ्या. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायरांचा घेर सारखा लागतो. तीन झिजलेले आणि एक कोरा असेल तर लहान घेराचं चाक जास्त फेरे मारतं, मोठं कमी. कपलिंगला वाटतं, यांचं आपापसांत बिनसलंय. मग ते तेल तापवून त्यांची समजूत काढत बसतं आणि त्यातच एक दिवस स्वतः जातं. हे मला लगेच पटलं. मी एकत्र कुटुंबात वाढलोय. एका जावेला पैठणी आणली की चौघींना आणायची असते. घेतलेच चार, तर जरा मोठेच घेऊ, असा विचार करून मी मोठे टायर घेतले. त्यामुळे स्पीडोमीटरचा काटा ६५ दाखवतो तेव्हा गाडी ६९वर असते. माझ्या आयुष्यात माझ्यापेक्षा कमी सांगणारं हे पहिलंच यंत्र.

पुढचं वर्ष आतल्या सजावटीत गेलं. पत्र्याला आतून लोकर चिकटवली, तिच्यावर प्लायवूड, पलंग, कपाटं, छतावर सोलर पॅनल. गाडी उभी असताना सगळं दिवाणखान्यासारखं दिसायचं. चालू झाली की प्रत्येक फळी दुसऱ्या फळीविरुद्ध तक्रार सांगायची. त्यात पुढून डावीकडून एक घरघर सुरू झाली. एका गॅरेजने तपासून सांगितलं, पुढचे दोन्ही हब आणि डावा शाफ्ट बदलावा लागेल, २,१०० डॉलर. मी गाडी परत आणून दारात उभी केली. बायको म्हणाली, "चार बेडरूमचं घर आहे आपलं. त्याच्या दारात झोपायला तू पाचवी आणून ठेवलीस."

त्याच मे महिन्यात सहा महिन्यांसाठी नाना आले. नाना म्हणजे माझे सासरे. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून फोरमन म्हणून निवृत्त. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, या अठरा वर्षांत त्यांनी मला 'जावईबापू' आणि 'तुम्ही' याखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं. सुरुवातीला मान वाटायचा. पुढे ते 'तुम्ही' सोफ्यावरच्या प्लास्टिकच्या कव्हरसारखं वाटायला लागलं. सोफा जपला जातो, पण टेकलं की करकरतं. आमचं सगळं बोलणं तीन वाक्यांत संपायचं: प्रवास बरा झाला ना, ऑफिस काय म्हणतं, वाढा की जावईबापूंना.

अमेरिकन उपनगरात आलेल्या मराठी वडिलांचं जे होतं ते नानांचं दोन दिवस झालं. सकाळी टपालपेटीपर्यंत फेरी, दुपारी खिडकीतून मोकळा रस्ता बघणं, संध्याकाळी 'इथे माणसं राहतात ना?' हा प्रश्न. तिसऱ्या दिवशी सकाळी ते दारातल्या व्हॅनभोवती फिरताना दिसले. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग वाकले, दाराखालच्या पत्र्यावर नखाने टोकरलं आणि हातात आलेला पोपडा मला दाखवून म्हणाले, "जावईबापू, गाडी कोकणातल्या डेपोची आहे का हो?"

मी त्यांना मीठ समजावलं. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, गाडीचा पत्रा त्याने खाल्ला जातो. डेट्रॉइट शहराच्या खालीच, हजारेक फूट खोल मिठाची मोठी खाण आहे आणि तिथलं मीठ रस्त्यांवर पडतं. नाना जरा वेळ जमिनीकडे बघत राहिले.

"म्हणजे वर गाड्या करतात आणि खाली त्यांना खायचं मीठ?"

"हो."

"धंदा कळलाय गावाला." मग एकदम: "पासिंगला कशी जाते ही?"

मिशिगनमध्ये गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी नसते, असं मी सांगितलं. नानांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. ज्या देशाने चंद्रावर माणूस पाठवला त्या देशात पासिंग नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही.

मग त्यांनी खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि सत्तरीतला तो माणूस सरळ आडवा झाला. आतून आवाज आला, "पुढे पण डिफरन्शियल आहे हो!" एसटीच्या बसची मागची चाकं ढकलतात, पुढची नुसती वळतात. नानांच्या साऱ्या नोकरीत कुठल्या बसच्या पुढच्या चाकाने गाडी ओढली नव्हती. बाहेर येऊन अंग झटकत ते म्हणाले, "ही पद्धत चुकीची आहे. एकाच माणसाला ड्रायव्हर आणि कंडक्टर दोन्ही केलं की तिकिटं फाटत नाहीत आणि गाडीही सुटत नाही."

चाकाने वळतावळता ओढायचं तर शाफ्टला सांधा लागतो. त्या सीव्ही जॉइंटमध्ये ग्रीसात बुडालेल्या गोळ्या असतात आणि वरून पेटीच्या भात्यासारखं घड्या घड्यांचं रबर. भाता फाटला की ग्रीस बाहेर आणि मीठ आत. आमचा डावा भाता मधोमध फाटलेला होता. नानांनी त्यात बोट घातलं, ग्रीसमधली रेती दोन बोटांत चोळली आणि फार अदबीने विचारलं, "तुम्ही रबराचे साहेब ना?"

कमिटी फक्त पुण्यात असते असा माझा समज होता. इथल्या सोसायटीलाही कमिटी असते आणि तीही पत्र पाठवते. त्याच आठवड्यात आलं: मनोरंजनाचं वाहन दारात उभं करता येणार नाही, ३० दिवसांत हलवावं. मी नानांना मजकूर मराठीत सांगितला. त्यांनी व्हॅनकडे पाहिलं. "हिच्यात मनोरंजन कुठंय? तसं कळवा त्यांना."

कळवून भागणार नव्हतं. पण आमच्या परसाला लागून एक म्हातारा राहतो. त्याचं घर सोसायटी होण्याआधीचं, त्यामुळे कमिटीच्या हद्दीबाहेर. मोठी जमीन आणि मागे उंच लाकडी कोठार. आम्ही पाच वर्षं शेजारी होतो आणि आमची ओळख लांबून हात वर करण्यापलीकडे गेली नव्हती. तो ट्रॅक्टरवर बसून गवत कापतो म्हणून नानांनी त्याचं नाव 'ट्रॅक्टरवाला' ठेवलं, आणि एका संध्याकाळी कुंपणाशी जाऊन, खुणांनी, त्याच्या ट्रॅक्टरचा पट्टा ढिला आहे हे त्याला सांगितलं. पट्टा खरंच ढिला होता. दुसऱ्या दिवशी आमची व्हॅन कोठारात उभी होती. सात फूट चार इंचांवर आणखी चार फूट मोकळे. नानांनी त्या जागेचं नाव ठेवलं 'डेपो' आणि रोज सकाळी साडेसातला डबा घेऊन डेपोत जायला लागले.

मी हौसेने घेतलेला पान्यांचा मोठा संच तेव्हा प्लास्टिकमधून बाहेर आला. त्यातले सगळे पाने मिलिमीटरचे, ट्रॅक्टरवाल्याकडचे सगळे इंचाचे. मला वाटलं, इथे घोळ होणार. तर नाना म्हणाले, "पाऊण इंच म्हणजे एकोणीस. अर्धा म्हणजे तेरा, पण जरा ढिला, जोर लावायचा नाही. दाब पडला की नटाचे कोन गोल होतात." ट्रॅक्टरवाला चार बोटं दाखवून एक मिटायचा, नाना म्हणायचे 'पाऊण'. महिन्याभरात तो म्हातारा मान हलवत 'पाऊन' म्हणायला लागला. संस्कृतीच्या आदानप्रदानासाठी आमचे लोक इथे संमेलनं भरवतात.

हब काढायचा म्हणजे कागदावर सोपं काम. चाक काढा, ब्रेक सोडवा, मधला मोठा नट, मागचे बोल्ट, आणि हब हातात. कागदाला मीठ लागलेलं नसतं. लोखंड गंजलं की ते सुजतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. सोळा हिवाळ्यांत आमचा हब आपल्या खाचेत असा सुजून बसला होता की दोन्ही मिळून एकच धातू वाटत होता. नानांनी पहिल्यांदा नुसतं निरीक्षण केलं. मग चेसिसखाली चार ठिकाणी लाकडी ठोकळे रचले. "जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. जॅक उचलायला, ठोकळा जगायला." मग मागितलं रॉकेल. मी म्हटलं, नाना, इथे रॉकेल कुठं मिळणार? ट्रॅक्टरवाला हीटरसाठी ठेवलेला डबा घेऊन आला. रॉकेल पाजून रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळे बोल्ट सुटले, हब हलला नाही. परत रॉकेल. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याने गॅसची बंदूक आणली. नाना ज्योत हबच्या कडेने फिरवत होते, तव्याच्या कडेने तेल सोडतात तशी. मी मागून जुना टॉवेल हातात घेऊन बसलो होतो. हब सुटला की तो झेलायचं काम माझं.

नानांनी लोखंडी दट्टा कडेला लावला आणि हातोडी मारली. ठण्. फिरवून परत. ठण्. आवाज घट्ट होता. सातव्या की आठव्या घावाला आवाज बदलला, भांडं तडकतं तसा झाला. मी तो आवाज ऐकत बसलो आणि झेलायचं विसरलो.

"अरे धर! धर ना रे, गाढवा!"

हब माझ्या मांडीच्या बाजूने घरंगळत जमिनीवर गेला. कोठारात एकदम शांतता झाली. ट्रॅक्टरवाल्याला मराठी येत नाही, पण काहीतरी मोठं घडलंय हे त्यालाही कळलं. त्याने बंदुकीचा गॅस बंद केला. नाना हातोडीकडे बघत होते. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून माझ्यासाठी 'रे' निघालं होतं, आणि 'गाढवा' तर बोनस. आपल्याकडे 'गाढवा' हा शब्द कोणी कोणालाही म्हणत नाही. तो मुलाला म्हणतात, पुतण्याला म्हणतात, डेपोतल्या शिकाऊ पोराला म्हणतात. जावयाला म्हणत नाहीत.

"लागलं का?" नानांनी विचारलं. कर्त्याविना वाक्य. तूही नाही, तुम्हीही नाही.

"नाही," मी म्हटलं. "दुसरी बाजू काढू या?"

दुसऱ्या बाजूला मी हब नीट झेलला. नाना म्हणाले, "हां. शिकतोयस." त्या संध्याकाळी घरी, जेवणाच्या टेबलाशी, हात साबणाने तीनदा धुऊन झाल्यावर, त्यांनी पूर्वीच्याच स्वरात विचारलं, "जावईबापू, कोशिंबीर घेणार ना?" बायकोला यात काही वेगळं वाटलं नाही. मला नियम कळला. गाडीच्या वर 'तुम्ही', गाडीच्या खाली 'तू'.

पुढचे चार महिने मी जेवढा वेळ गाडीखाली घालवला, तेवढा त्या गाडीला गरजेचा नव्हता. शाफ्ट बदलला, भाता बदलला, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलला. ब्रेकची गंजलेली नळी बदलताना नानांनी मला पेडल किती दाबायचं ते एवढ्या वेळा शिव्या घालून सांगितलं की मला बालपण परत मिळाल्यासारखं झालं. मग ते आतल्या सजावटीकडे वळले. दापोडीला नुसती चेसिस यायची आणि तिच्यावर बसची अख्खी बॉडी बांधली जायची. तुम्ही इथे पैसे घालून जे करताय ते आम्ही पगार घेऊन करायचो, असं ते आत शिरताशिरता म्हणाले. (आत, म्हणजे 'तुम्ही'.) माझे निम्मे स्क्रू त्यांनी काढून टाकले. "लाकडाला स्क्रू, पत्र्याला रिव्हेट. पत्र्यात स्क्रू मारला की तो रोज थोडा थोडा घरी जातो." फळ्यांच्या सांध्यांत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घातल्या. तक्रारी बंद झाल्या. माझ्या अठरा वर्षांच्या रबर-संशोधनाचा निष्कर्ष काय निघावा, तर सायकलची ट्यूब.

ऑक्टोबरमध्ये, नाना परत जायच्या आधी, आम्ही तिघं व्हॅन घेऊन मिशिगनच्या उत्तर द्वीपकल्पाकडे निघालो. नाना पुढे, मी ड्रायव्हिंगला, मध्ये डॉगहाउस. "एसटीत इथे ड्रायव्हरच्या ओळखीचा माणूस बसवायचे," असं म्हणून नानांनी त्यावर चिवड्याचा डबा ठेवला. गाडी पाच तास अशी चालली की नाना अस्वस्थ झाले. घरघर नाही, खडखड नाही. ते मान तिरकी करून ऐकत होते आणि काहीच ऐकू येत नव्हतं. वैद्याच्या गावी कोणी आजारी पडू नये, तशी त्यांची अवस्था झाली होती.

मग मॅकिनॉ पूल आला. मिशिगनचे दोन तुकडे जोडणारा, १९५७ साली खुला झालेला, सुमारे पाच मैलांचा झुलता पूल. मध्यावर रस्ता पाण्यापासून दोनशे फूट उंच. या पुलाच्या आतल्या लेनमध्ये डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. वारा खालून वर निघून जावा म्हणून. जाळीवरून जाड नक्षीचे टायर गेले की असा आवाज येतो की शंभर भोवरे एकदम सोडलेत. मी आतल्या लेनमध्ये शिरलो आणि नानांच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत दिसलं नव्हतं असं समाधान पसरलं.

"बेअरिंग गेलं!"

"नाना, हा पुलाचा..."

"उजवं आहे. जरा डावीकडे घ्या बघू जावईबापू, भार टाकू त्याच्यावर."

डावीकडे दुभाजक होता. मागून बायको ओरडली, "बाबा, हा पूल आहे!" मी घाबरून उजवीकडे, बाहेरच्या डांबराच्या लेनमध्ये आलो आणि आवाज एकदम बंद झाला. नानांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हटलं होतं? उजवीकडे घेतल्यावर भार निघाला, आवाज गेला. उजवंच." पुलाच्या पलीकडे उतरून, चाक हाताने फिरवून, कान लावून त्यांची खात्री करावी लागली. बेअरिंग निरोगी निघाल्याचं त्यांना जे दुःख झालं, ते चिवड्यानेही गेलं नाही.

हायवाथाच्या जंगलात, सुपिरिअर सरोवराजवळ आम्ही मुक्काम केला. सकाळी कांदेपोहे झाले. माझा तीन इंचांचा पंखा फोडणीपुढे दोन मिनिटांत हरला. पोह्यांचा वास आजही गाडीत आहे आणि मी तो मूळ सजावटीचा भाग समजतो. निघताना वाटेत रेती लागली. मागची चाकं रुतली, गाडी बसली. मी जरा थबकलो, हलकेच ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं फिरली, खाली कुठेतरी ते तेल पिठल्यासारखं आळलं असावं, आणि गाडी पुढून ओढल्यासारखी हलली. नाना केव्हाच खाली उतरले होते. गाडीच्या बाजूने, पुढच्या चाकाकडे वाकून, रेतीत चप्पल ओढत ते चालत होते. नातवाचं पहिलं पाऊल बघावं तसे.

"ओढतंय! पुढचं ओढतंय!" आणि मग, आपला सगळा विरोध एका वाक्यात मागे घेत: "कंडक्टर गाडी चालवतोय हो!"

नोव्हेंबरात नाना गेले. विमानतळावर त्यांनी लेकीला जवळ घेतलं, मला हात जोडून नमस्कार केला. "येतो जावईबापू. सांभाळून राहा." तिथे जमीन गुळगुळीत होती आणि आसपास आडवं होण्याजोगी गाडी नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी फोन होतो. दिवाणखान्यातून लावला तर प्रवास, ऑफिस, हवा. तीन वाक्यं, तुम्ही. जानेवारीत एकदा गाडी सुरू करताना किणकिण ऐकू आली, तेव्हा मी चटई घेऊन डेपोत गेलो, गाडीखाली शिरलो आणि तिथूनच फोन लावला. सकाळचे नऊ वाजले होते, पुण्यात संध्याकाळचे साडेसात. ट्रॅक्टरवाल्याने वर इंजिन सुरू केलं. मी फोन एक्झॉस्टच्या पाइपजवळ धरला.

बराच वेळ पलीकडून काही नाही. मग नाना म्हणाले, "काही नाही रे, पाइपाला झाकणारा पत्रा ढिला झालाय. पट्टी आवळ."

"बरं नाना."

"गाडीचा आवाज ठीक आहे. तुझा बसलाय. सुंठ घे."

पट्टी आवळायला दोन मिनिटं लागली. गाडी आता उत्तम आहे, काहीही बिघडलेलं नाही. तरी रविवारी सकाळी मी चटई काखेत मारून निघतो. बायको विचारते, "आता काय मोडलं?"

"अजून काही नाही," मी म्हणतो. "बघतो जाऊन."